कमोडोर जॉन बॅरी : एका श्रद्धावंत दर्यावर्दीचे चरित्र

ज्युबिलीचा उत्सव म्हणजे केवळ दिव्यांची आरास आणि पंगतींचा थाट नव्हे. आपल्या वाडवडिलांनी श्रद्धेचे रोपटे कोणकोणत्या उन्हापावसात जगविले, याचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करणे हा ज्युबिलीचा खरा हेतू होय. अशा प्रसंगी संतांची चरित्रे वाचावी हे उचितच आहे. तथापि ज्यांना वेदीवर स्थान मिळाले नाही, ज्यांनी प्रपंचात राहून, चाकरी करून, चुका करून व सावरून आपला धर्म राखला, अशा सामान्य श्रावकांची चरित्रेही आपणांस पुष्कळ शिकवितात. वसईपासून गोव्यापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांतले कर्ते पुरुष पिढ्यान्पिढ्या दर्यावर गेले आहेत. म्हणून एका दर्यावर्द्याचेच चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आरमाराचा पाया घालणारे कमोडोर जॉन बॅरी हे ते पुरुष होत.

या चरित्राच्या मुळाशी एक प्रश्न आहे, व तो केवळ अमेरिकेपुरता नाही. जेथे कॅथलिक लोक संख्येने थोडे असतात, तेथे त्यांच्या स्वदेशनिष्ठेविषयी कोणी ना कोणी संशय घेतोच. यांचे मन रोमकडे, मग देशाकडे ते किती राहणार, असा तो संशय असतो. या संशयाला जॉन बॅरी यांनी व्याख्यानाने उत्तर दिले नाही; निबंधही लिहिला नाही. त्यांनी चाळीस वर्षांच्या वर्तनाने उत्तर दिले.

बालपण व देशत्याग

आयर्लंडच्या आग्नेय भागात वेक्सफर्ड नावाचा परगणा आहे. तेथील टॅकमशेन या समुद्राजवळच्या गावी इ. स. १७४५ मध्ये जॉनचा जन्म झाला. बाप कुळवाडी शेतकरी. जमीन दुसऱ्याची, घाम आपला. त्या काळी आयर्लंडात कॅथलिकांवर कडक कायद्यांचा अंमल होता. बहुसंख्य प्रजा कॅथलिक असूनही तिला पार्लमेंटात बसता येत नसे, मत देता येत नसे, जमीन विकत घेता येत नसे. इंग्रज राजाच्या आरमारात अधिकारपद हवे असेल, तर पवित्र मिस्सेतील ख्रिस्तशरीराविषयीच्या आपल्या श्रद्धेचा शपथपूर्वक इन्कार करावा लागे. म्हणजे कॅथलिक मुलाने खलाशी म्हणून दोर ओढण्यास हरकत नव्हती. मात्र अधिकारी म्हणून त्याला उभे राहता येत नव्हते.

जॉन लहान असतानाच जमीनदाराने बॅरी कुटुंबाला शेतावरून काढून लावले. ज्या उंबऱ्यावर आपण खेळलो तो उंबरा एका दिवसात परका होतो, हे त्या मुलाने पाहिले. त्याचा एक चुलता जहाजावर कप्तान होता. त्याच्या आश्रयाने जॉन कोवळ्या वयातच जहाजावर पोऱ्या म्हणून राहिला. पोऱ्याचे काम म्हणजे सर्वांच्या आधी उठणे, सर्वांच्या मागून जेवणे आणि सर्वांची बोलणी खाणे. पुढे तो खलाशी झाला, मग तांडेल, मग मालीम. व या पायऱ्या चढत असता त्याची अंगकाठीही अशी वाढली की, उंची सहा फुटांच्या वर चांगली चार इंच भरली.

सन १७६० च्या सुमारास तो फिलाडेल्फिया बंदरात आला व तेथेच स्थायिक झाला. या निवडीला कारण होते. पेनसिल्व्हेनिया ही वसाहत क्वेकर पंथाच्या विल्यम पेन यांनी स्थापिलेली असल्यामुळे तेथे उपासनेची मोकळीक होती. इंग्रजी अमलाखालील बहुतेक ठिकाणी मिस्सा चोरून करावी लागे. परंतु फिलाडेल्फियात येशूसंघीय धर्मगुरूंनी १७३३ साली संत जोसेफचे देऊळ उभारले होते व १७६३ साली तेथून जवळच संत मेरीचे देऊळ झाले. दरवाजा उघडा ठेवून मिस्सा होते, ही गोष्ट त्या आयरिश तरुणाला केवढी वाटली असेल! बॅरी या धर्मग्रामाचे झाले, आणि अखेरपर्यंत त्याचेच राहिले.

व्यापारी कप्तान

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७६६ साली, त्यांना बार्बेडोज नावाच्या एका लहान गलबताचे कप्तानपद मिळाले. फिलाडेल्फिया व वेस्ट इंडीज बेटे यांच्या दरम्यान त्यांनी अनेक सफरी केल्या. त्यांचा व्यवहार चोख व गलबत नेहमी शिस्तीत असे. म्हणून एकामागून एक मोठी जहाजे त्यांच्या हाती येत गेली. १७७५ साली ब्लॅक प्रिन्स या जहाजावरून इंग्लंडहून परतताना त्यांनी चोवीस तासांत २३७ मैल अंतर तोडले. शिडाच्या जहाजाला त्या शतकात याहून मोठी मजल क्वचितच मारता आली असेल.

या यशाच्या पोटात एक दुःख होते. १७६७ साली त्यांचा मेरी क्लीअरी या युवतीशी विवाह झाला होता. १७७४ साली बॅरी सफरीवर असताना तिचे देहावसान झाले. ज्यांच्या घरातील माणसे दर्यावर जातात, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. घरी मरण येऊन जाते, पुरणे होऊन जाते, आणि कप्तान मात्र वारा अनुकूल आहे म्हणून समाधानाने घराकडे येत असतो.

स्वातंत्र्याच्या युद्धात

१७७५ साली अमेरिकेतील तेरा वसाहतींचे इंग्लंडशी युद्ध जुंपले. वसाहतींत कॅथलिकांविषयी प्रेम होते असे मुळीच नाही. न्यू इंग्लंडमध्ये दर वर्षी ५ नोव्हेंबरला पोपसाहेबांचा पुतळा मिरवून जाळण्याचा उत्सव होत असे. सैन्यात हा प्रकार होऊ लागला, तेव्हा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७७५ साली हुकूम काढून तो बंद केला. ज्या देशाच्या रस्त्यांवर आपल्या धर्माची अशी विटंबना होते, त्या देशासाठी आपण रक्त सांडावे काय? दुसरा कोणी असता तर त्याने हिशेब केला असता. बॅरी यांनी आपले वैभवाचे जहाज सोडले व ते बंडखोर काँग्रेसच्या चाकरीत शिरले. हरलो तर फाशी, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांचेच ब्लॅक प्रिन्स काँग्रेसने विकत घेतले व त्याचे आल्फ्रेड असे नाव ठेवून ते नव्या आरमाराचे मुख्य जहाज केले. त्याची डोलकाठी, शिडे व दोर लढाईसाठी नव्याने बसविण्याचे काम बॅरी यांच्याकडे आले. कप्तानपद मात्र दुसऱ्याला मिळाले. त्यांनी कुरकुर न करता ते काम पुरे केले. १४ मार्च १७७६ रोजी त्यांना कप्तानपदाची सनद व लेक्सिंग्टन हे सोळा तोफांचे लहान जहाज मिळाले. महिना उलटण्यापूर्वीच, ७ एप्रिल रोजी, व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ त्यांनी एडवर्ड हे इंग्रजांचे सशस्त्र जहाज झुंजून पकडले. काँग्रेसच्या सनदी जहाजाने युद्धात जिंकलेले हे पहिले इंग्रज लढाऊ जहाज होय. ज्या आरमारात कॅथलिक म्हणून त्यांना अधिकाऱ्याची जागा मिळाली नसती, त्याच आरमाराचे निशाण त्यांच्यापुढे उतरले.

यानंतरची चार वर्षे मात्र विजयाची नव्हेत. परंतु माणसाची पारख अशाच वर्षांत होते. इफिंगहॅम नावाची फ्रिगेट, म्हणजे वेगवान लढाऊ जहाज, त्यांच्यासाठी बांधली जात होती. ती पुरी होण्यापूर्वीच इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतले व अपुरे जहाज नदीत बुडवावे लागले. ते बुडविण्याच्या पद्धतीवरून आरमाराच्या मंडळातील एका वजनदार सभासदाशी बॅरी यांचा कडाक्याचा वाद झाला व प्रकरण काँग्रेसपर्यंत गेले. त्यांचा स्वभाव तापट होता, हे लपविण्याचे कारण नाही. जुने चरित्रकार असेही सांगतात की, इंग्रजांनी त्यांना मोठी रक्कम व आपल्या आरमारात जहाज देऊ करून फितविण्याचा यत्न केला व त्यांनी तो झिडकारला.

जहाज नाही म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. १७७६-७७ च्या हिवाळ्यात ते स्वयंसेवक होऊन जमिनीवर लढले. १७७८ च्या आरंभी वॉशिंग्टन यांची सेना व्हॅली फोर्ज येथे थंडीने व उपासमारीने गांजली असता बॅरी यांनी वल्ह्यांच्या होड्यांत थोडी माणसे घालून, रात्रीच्या वेळी, शत्रूच्या ताब्यातील फिलाडेल्फियाजवळून डेलावेअर नदीतून वाट काढली. इंग्रजांच्या घोड्यांसाठी राखलेले गवत त्यांनी जाळले आणि शत्रूची रसद नेणारी जहाजे धरली. वॉशिंग्टन यांनी त्यांचे अभिनंदन केले.

त्याच वर्षी त्यांना रॅले ही फ्रिगेट मिळाली. सप्टेंबरात बॉस्टनहून निघताच दोन बलाढ्य इंग्रज जहाजे पाठीस लागली. दोन दिवसांच्या पाठलागानंतर, झुंज देत देत, बॅरी यांनी जहाज मेनच्या किनाऱ्याजवळील एका खडकाळ बेटावर चढविले व अनेक माणसांना वाचविले. जहाज जाळण्याचा बेत मात्र फसला व ते शत्रूच्या हाती पडले. चौकशी झाली, तीत ते निर्दोष ठरले.

अलायन्सवरील झुंज

१७८० साली त्यांना अलायन्स ही उत्तम फ्रिगेट मिळाली. पुढील वर्षाच्या आरंभी त्यांनी कर्नल जॉन लॉरेन्स या वकिलाला मदतीची याचना करण्यासाठी फ्रान्सला पोहोचविले. परतीच्या वाटेवर जहाजावर बंडाचा कट उघडकीस आला. खलाशांत पकडलेल्या इंग्रज कैद्यांची भरती झालेली होती. अधिकाऱ्यांना ठार करून जहाज पळविण्याचा हा डाव होता. बॅरी यांनी पुढाऱ्यांना फटके मारवून कबुलीजबाब घेतले. तो काळ व ती शिस्त कठोर होती. आज आपण त्या शिक्षेचे समर्थन करणार नाही.

यानंतर २८ मे १७८१ हा दिवस उजाडला. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस अटालांटा व ट्रेपासी ही दोन इंग्रज जहाजे समोर आली. दोन्ही मिळूनही अलायन्सच्या तोफांची बरोबरी करू शकत नव्हती. परंतु ऐन वेळी वारा पडला. शिडाच्या मोठ्या जहाजाला वारा नाही म्हणजे त्याचे हातपायच बांधले गेले. शत्रूची जहाजे लहान. त्यांनी लांब वल्ही बाहेर काढली व अलायन्सच्या पिछाडीस, जेथे तिच्या बाजूच्या तोफा पोहोचत नव्हत्या, तेथे ठाण मांडून मारा सुरू केला. तासामागून तास अलायन्स मार खात राहिली. छऱ्याचा एक गोळा बॅरी यांच्या डाव्या खांद्यात घुसला. रक्त पुष्कळ गेले, तरी ते काही वेळ जागचे हलले नाहीत. शेवटी त्यांना उचलून खाली शस्त्रवैद्याकडे न्यावे लागले.

इतक्यात जहाजाचे निशाण गोळ्याने तुटून पडले. शत्रूला वाटले, शरण आले. त्याने जयघोष केला. अलायन्सवर दुसरे निशाण चढविण्यात आले. पण जहाजाची दुर्दशा पाहून पहिला लेफ्टनंट खाली गेला आणि त्याने शरण जाण्याची परवानगी मागितली. बॅरी यांनी ती साफ नाकारली. जहाज माझ्यावाचून लढविता येत नसेल तर मलाच वर उचलून न्या, अशी त्यांनी आज्ञा केली. त्या जखमी माणसाचा निर्धार पाहून लेफ्टनंट ओशाळला व वर जाऊन पुन्हा लढू लागला. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. शिडे भरली, अलायन्स वळली, तिच्या बाजूच्या सर्व तोफा एकदम धडाडल्या आणि थोड्याच वेळात दोन्ही इंग्रज जहाजांनी निशाणे उतरविली. ट्रेपासीचा कप्तान पडला होता. अटालांटाचा कप्तान एडवर्ड्स तलवार देण्यास आला. बॅरी यांनी त्याच्या शौर्याचा मान राखून ती त्याला परत केली.

वारा आणणे माणसाच्या हाती नसते. वारा येईपर्यंत निशाण खाली न उतरविणे एवढेच त्याच्या हाती असते. आपल्या प्रार्थनेच्या जीवनातही असे निर्वात दिवस येतात. ज्यांना ते ठाऊक आहेत त्यांना या झुंजीचे मर्म कळेल.

या युद्धातील समुद्रावरची शेवटची लढाईही बॅरी यांनीच दिली. १० मार्च १७८३ रोजी काँग्रेससाठी हवानाहून ७२,००० स्पॅनिश डॉलर घेऊन येत असता फ्लॉरिडाजवळ इंग्रज जहाजांनी त्यांना गाठले. बरोबरचे एक मंद जहाज संकटात आले. पैसा अलायन्सवर होता. निघून गेले असते तर दोष कोणी दिला नसता. परंतु सोबत्याला सोडून न जाता त्यांनी सिबिल या फ्रिगेटला तोंड दिले व तिला माघार घ्यावयास लाविले. तहाची प्राथमिक कलमे युरोपात त्यापूर्वीच ठरून गेली होती. समुद्रावरील या माणसांना ती वार्ता पोहोचली नव्हती.

शांततेची वर्षे

युद्ध संपताच कंगाल काँग्रेसने आरमार मोडीत काढले. १७८५ साली अलायन्सही विकले गेले. भूसेनेच्या अधिकाऱ्यांना मिळाला तसा मोबदला आरमाराच्या अधिकाऱ्यांना मिळावा म्हणून बॅरी यांनी सोबत्यांच्या वतीने अर्ज केले. ते फुकट गेले. देश कृतघ्न झाला म्हणून त्यांनी देशाशी वैर धरले नाही. ते पुन्हा व्यापारी कप्तान झाले आणि १७८७ ते १७८९ या काळात एशिया हे जहाज घेऊन चीनमधील कँटनपर्यंत जाऊन आले.

त्या सफरीपूर्वीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सप्टेंबर १७८७ मध्ये नव्या राज्यघटनेचा विचार पुढे ढकलावा म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातील विरोधक गैरहजर राहिले. पुरेशी संख्या भरेना. तेव्हा बॅरी यांच्या पुढारीपणाखाली एका जमावाने दोघा सभासदांना त्यांच्या बिऱ्हाडातून ओढून सभागृहात आणून बसविले. याबद्दल बॅरी यांच्याविरुद्ध तक्रार झाली, व ती रास्त होती. चांगल्या हेतूसाठी केली तरी दांडगाई ती दांडगाईच. पण ज्या घटनेसाठी त्यांनी हा आततायीपणा केला, तिनेच सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घेण्यास बंदी घातली, हेही विसरून चालणार नाही.

घरी मात्र हा तापट पुरुष मायाळू होता. १७७७ साली त्यांनी सारा ऑस्टिन या प्रॉटेस्टंट कुटुंबातील स्त्रीशी दुसरा विवाह केला. पुढे तिने कॅथलिक धर्म स्वीकारला. त्यांना मूल झाले नाही. आयर्लंडातील बहिणीची मायबापावाचून राहिलेली दोन मुले, मायकेल व पॅट्रिक, यांना त्यांनी आणवून घेतले आणि उभयतांनी ती पोटच्या मुलांसारखी वाढविली.

आरमाराचे जनक

अल्जियर्सचे चाचे अमेरिकेची व्यापारी जहाजे लुटू लागले, तेव्हा काँग्रेसला आरमाराची आठवण झाली. मार्च १७९४ मध्ये सहा फ्रिगेटी बांधण्याचा कायदा झाला. त्यांसाठी अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सहा कप्तान निवडले. त्यांत पहिले नाव जॉन बॅरी यांचे होते. फिलाडेल्फियात युनायटेड स्टेट्स ही चव्वेचाळीस तोफांची फ्रिगेट बांधली जाऊ लागली व बॅरी यांनी तिच्या बांधणीवर देखरेख केली. १० मे १७९७ रोजी ती पाण्यात उतरली. त्याआधी, २२ फेब्रुवारी रोजी, वॉशिंग्टन यांनी स्वतः त्यांना सनद दिली होती. या नव्या आरमारातील ती पहिल्या क्रमांकाची सनद होय. कप्तानाहून वरचा हुद्दा त्या वेळी नव्हताच. अनेक जहाजांचा म्होरक्या म्हणून त्यांना कमोडोर म्हणत.

फ्रान्सशी उद्भवलेल्या अघोषित युद्धात, १७९८ पासून, त्यांनी वेस्ट इंडीजच्या समुद्रात या आरमाराचे नेतृत्व केले. मोठ्या लढाया त्यांच्या वाट्यास आल्या नाहीत. व्यापारी जहाजांना सोबत करणे, लुटारू जहाजे पकडणे, वादळे सोसणे, असे ते नीरस कर्तव्य होते. परंतु त्यांच्या जहाजावर स्टीफन डिकेटर, चार्ल्स स्ट्युअर्ट, रिचर्ड सॉमर्स यांसारखे तरुण शिकून तयार होत होते. पुढील पिढीत अमेरिकन आरमाराने जी कीर्ती मिळविली, ती बहुतांशी अशा शिष्यांनी मिळविली. जॉन पॉल जोन्स यांचे नाव जगात अधिक गाजले, हे खरे. पण युद्ध संपल्यावर जोन्स परदेशी चाकरीत गेले, व आरमार उभे करण्याचे सावकाशीचे काम बॅरी यांच्याकडे आले.

१८०१ साली ते समुद्रावरून कायमचे परतले. दम्याने त्यांना पुष्कळ दिवस गांजले होते. १३ सप्टेंबर १८०३ रोजी फिलाडेल्फियाजवळील आपल्या राहत्या घरी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. लष्करी इतमामाने त्यांचा देह संत मेरीच्या देवळाच्या आवारात, आपल्या धर्मग्रामाच्या मातीत, पुरण्यात आला. त्यांच्या थडग्यावरील लेख स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे प्रॉटेस्टंट वैद्य बेंजामिन रश यांनी लिहिला. ज्यांच्या देवळाकडे एकेकाळी संशयाने पाहिले जाई, त्यांच्या आवारात दुसऱ्या पंथाचा एक थोर नागरिक आदराने शब्द कोरतो, हे त्या संशयाला मिळालेले उत्तर होते.

१९०७ साली फिलाडेल्फियाच्या स्वातंत्र्य चौकात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. १९५६ साली अमेरिकेने त्यांच्या जन्मभूमीस, वेक्सफर्डला, दुसरा पुतळा भेट दिला. १९६३ च्या जूनमध्ये त्या पुतळ्यापाशी पुष्पचक्र वाहण्यास अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी आले. त्या पदावर निवडून आलेले ते पहिले कॅथलिक गृहस्थ, व त्यांच्याही निवडणुकीत रोमचा तोच जुना प्रश्न विचारला गेला होता. पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली तरी प्रश्न जिवंत होता. आणि उत्तरही तेथेच, काशाच्या रूपाने, उभे होते.

प्रिय वाचकहो, संशय कोणी घेतला तर रागावून काय उपयोग? बॅरी यांनी आपली मिस्सा सोडली नाही, आणि आपली पाळीही चुकविली नाही. धर्म लपवून त्यांनी देशाची मर्जी संपादिली नाही, की देशाकडे पाठ फिरवून धर्म राखला नाही. चोख हिशेब, दिलेला शब्द, सोबत्याची सोबत, पोरक्या मुलांना दिलेले घर, मोबदला न मिळाला तरी न सोडलेली सेवा, या साध्या गोष्टींनी त्यांनी आपल्या ख्रिस्ती नावाची साक्ष दिली. त्या प्रत्येक गोष्टीसाठी कचेरीत, शेतात, कारखान्यात व दर्यावर आपणांसही रोज जागा आहे.

या ज्युबिलीवर्षी, पवित्र माता मरिया, जिला दर्यावर्दी लोक सागरतारका म्हणून हाक मारतात, तिने आपल्या धर्मग्रामातील सर्वांना, विशेषेकरून या क्षणी घरापासून दूर, पाण्यावर असलेल्यांना, सुखरूप बंदरी आणावे, हीच प्रभुचरणी विनंती.